आमच्या बँडपथकासाठी ट्यूबा निवडताना

इंदूरमधल्या आमच्या हौशी बँडपथकासाठी ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचे खर्जाचे पितळी वाद्य, घ्यायचे ठरले आणि ते पारखण्याचे काम माझ्याकडे आले. समोर तीन वाद्ये होती: मेरठच्या जली कोठी भागात बनलेला तीन पिस्टनचा (बोटाने दाबून नळी लांबवणाऱ्या झडपांचा) पितळी सूसाफोन, म्हणजे अंगाभोवती वेढून घ्यायचा ट्यूबा, फायबरग्लासचा सूसाफोन आणि एका निवृत्त लष्करी वादकाकडचा चार पिस्टनचा, चांदीचा मुलामा दिलेला जुना ई-फ्लॅट ट्यूबा.

वाजवून पाहताना पहिला फरक सुरांत जाणवला. पहिला आणि तिसरा पिस्टन एकदम दाबला की स्वर चढा लागतो, कारण प्रत्येक पिस्टनची जोडनळी मूळ नळीच्या हिशेबाने बेतलेली असते आणि सोबतच्या पिस्टनने नळी आधीच लांबली असेल तर ती अपुरी पडते. सूसाफोनवर हा चढेपणा वादकाला ओठांनी उतरवावा लागतो. ब्रिटिश वाद्यतज्ज्ञ डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढलेल्या युक्तीनुसार, शेवटचा पिस्टन दाबल्यावर हवा बाकीच्या पिस्टनांतून पुन्हा फिरते आणि लागेल तेवढी जादा नळी आपोआप जोडली जाते. जुन्या ट्यूबात ही सोय होती. त्यामुळे त्याचे वजन वाढले होते आणि अगदी खालच्या स्वरांत फुंक थोडी अडत होती, तरी खर्ज सुरात लागत होता. फायबरचा आवाज मला बोदा वाटला.

टिकाऊपणाचा विचार करताना सगळे पत्र्याच्या जाडीबद्दल बोलत होते. मला पिस्टन जास्त महत्त्वाचे वाटले. भोंग्याला पडलेला पोचा कारागीर काढून देतो, पण झिजलेल्या पिस्टनमधून हवा निसटू लागली की दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीला भिडतो. म्हणून पिस्टन न दाबता त्याची सरकनळी पूर्ण न काढता बाहेर ओढायची, थोडे थांबायचे आणि मग पिस्टन दाबायचा: आत ‘टप्’ असा आवाज आला तर बसणी घट्ट आहे. जुना ट्यूबा या परीक्षेत उतरला, मेरठचा नवा सूसाफोन मात्र जेमतेम. माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत का, हेही मी उन्हात नेऊन पाहिले. पितळेतले जस्त आतून झडू लागल्याची ती खूण असते.

रोटरी व्हॉल्व्हचा, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या झडपांचा ट्यूबाही कुणी सुचवला होता. त्याची चाल मुलायम असते, पण ते व्हॉल्व्ह वादकाने घरी उघडण्यासारखे नसतात, आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांबरोबर, रात्रभर पावसात चालणाऱ्याला पिस्टन काढून, पुसून, तेल घालून परत बसवता आला पाहिजे.

शेवटी जुना ई-फ्लॅट घेतला. सूसाफोनच्या सुमारे अठरा फूट नळीपेक्षा त्याची नळी पाचेक फुटांनी आखूड असल्याने नव्या मुलांची फुंक पुरते. पट्टा लावूनही खांदा दुखतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, गुलाल आणि पाण्याच्या फवाऱ्यांखाली हा ट्यूबा न्यायचा नाही, असे ठरले आहे. त्या दिवसापुरता फायबरचा सूसाफोन भाड्याने आणतो.