नाट्यगृह दुरुस्तीला काढण्याआधी त्याचा आवाज मोजा

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली उभं राहिलं तेव्हा माइक नव्हता. पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या आणि वास्तूच्या जोरावर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, आगीत त्याचं छप्पर आणि रंगमंच गेला. होतं तसंच पुन्हा बांधा, ही मागणी अगदी रास्त. पण दगड आणि कमानी फोटो बघून उभ्या करता येतात, आवाजासाठी मोजमापच लागतं. म्हणून जी जुनी नाट्यगृहं अजून उभी आहेत, त्यांचं मोजमाप आत्ताच व्हावं.

स्पीकरवरून खर्जापासून टिपेपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा, नाहीतर मोठा फुगा फोडायचा आणि सहा-आठ जागी ध्वनिमुद्रण करायचं. आवाज ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात, म्हणजे घुमारा किती, ते १२५ ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यांत वेगवेगळं काढायचं. सभागृह रिकामं असताना एकदा, भरलेलं असताना एकदा. बिनमाइकच्या नाट्यसंगीताला साधारण १ ते १.३ सेकंद मानवतात. त्याहून जास्त झाले की शब्द एकमेकांत मिसळतात. फार कमी झाले की तान कोरडी पडते आणि गायक उगाच जोर लावतो.

नूतनीकरणात बिघडतं ते इथेच. ४००० घनमीटरच्या सभागृहात ५३० चौरस मीटर शोषण असेल (म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीतून जाईल इतका आवाज भिंती, छत, खुर्च्या गिळत असतील) तर घुमारा १.२ सेकंदांचा. त्यात ३०० चौरस मीटर गालिचा (पडलेल्या आवाजाचा ०.४ हिस्सा शोषणारा) आणि ४०० चौरस मीटर आवाज शोषणारं पॅनेल (०.७) घातलं, की तो ०.७ वर येतो. मग स्पीकर वाढवले जातात आणि दोष गायकाच्या माथी.

लाकडी तक्तपोशीमागची पोकळी तर हमखास बुजवली जाते. १२ मिलिमीटर प्लायमागे ५० मिलिमीटर हवा असली, तर ते १०० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज शोषतं. पोकळी बुजली की डग्गा घुमत राहतो. एसीसाठी खिडक्या बंद केल्या तर उघड्या खिडकीचं शोषणही जातं, वर पंख्याची घरघर येते. हवेचे मार्ग रुंद ठेवून वेग कमी करणं आणि यंत्रं वेगळ्या पायावर बसवणं, याला पर्याय नाही.

आगीचा विचारही याच आराखड्यात हवा. वायरी धातूच्या नळीतून न्याव्यात आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा असावा. कापडी पडद्यांना वरून दिलेलं अग्निरोधक द्रावण धुण्यात निघून जातं. ते दर धुलाईनंतर पुन्हा द्यावं लागतं, आणि देखभालीच्या ठेक्यात नेमकं हेच कलम नसतं.