बे किलोमीटर जशे!

टॉर्च विकणारा माणूस ती कधीही आपल्या पायाशी मारून दाखवत नाही. भर दुपारचे बारा वाजलेले असोत, तो दुकानाच्या पायरीवर येतो, टॉर्चचं तोंड पुढे ओढतो आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर एक फिकट ठिपका नाचवतो. मंगळ बाजारातल्या एकानं तर मला आकडाच दिला, "बेन, आ जुओ, बे किलोमीटर जशे!" बडोद्यात मध्ये काहीही न येता सलग दोन किलोमीटर दिसेल अशी जागा हवी असेल तर विमानतळाच्या धावपट्टीवर जावं लागेल, आणि तिथं टॉर्च मारत उभं राहिलं तर पुढचा उजेड पोलीस पाडतील.

पण त्याचं दोन किलोमीटर अगदीच हवेतलं नको म्हणून मी घरी येऊन हिशेब मांडला. टॉर्चचं अंतर मोजायची एक ठरलेली रीत आहे, 2009 च्या अमेरिकी मानकात ती आली. उजेड कमी होत होत जिथं पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तिथं त्या टॉर्चची हद्द संपली. झोताची तीव्रता कँडेलात मोजतात. तिचं वर्गमूळ काढायचं आणि ते दुप्पट करायचं, की मीटर मिळतात. दहा हजार कँडेला असतील तर दोनशे मीटर. दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतील. खिशात मावणाऱ्या, फुटपाथवरच्या टॉर्चनं हा पराक्रम करायचा म्हणजे जरा जास्तच झालं. शिवाय हद्दीवरचा उजेड चांदण्याएवढाच. समोर माणूस आहे की खांब, एवढं कळलं तरी खूप.

तरीही मी झूमचीच टॉर्च घेतली. त्या आत-बाहेर होणाऱ्या तोंडाचा मोह सुटत नाही. बाबांच्या पितळी, तीन सेलच्या टॉर्चलाही फोकस होता. डोकं फिरवलं की बल्ब आरशासारख्या वाटीत पुढे-मागे व्हायचा आणि भिंतीवरचा गोल लहान-मोठा व्हायचा. मोठा केला की मधोमध एक काळा डाग पडायचा. आताच्या झूममध्ये वाटी नाही, भिंग आहे. तळाशी एलईडीची पिवळसर टिकली, वर एका बाजूनं फुगीर भिंग, आणि या दोघांमधलं अंतर आपण बोटांनी बदलतो. भिंग टिकलीजवळ असेल तर डाग नसलेला, काठापर्यंत सारखा उजेड पडतो, आख्खी खोली उजळते. भिंग पुढे ओढत ओढत एका जागी आलं की गोल आकसतो आणि भिंतीवर चक्क चौकोन उमटतो. नीट पाहिलं तर त्या चौकोनात बारीक रेघाही दिसतात. ते त्या एलईडीचंच चित्र असतं, भिंगानं भिंतीवर पाडलेलं. माझ्या भाचीला हे सांगितल्यावर तिनं घरातल्या सगळ्या टॉर्चांचे चौकोन छतावर पाडून तपासले.

या चौकोनाची किंमत मात्र मोजावी लागते. भिंग टिकलीपासून लांब गेलं की टिकलीतून आजूबाजूला सांडणारा बराचसा उजेड त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तो नळीच्या आतल्या काळ्या भिंतीत जिरतो. म्हणजे झोत जितका लांब, तितका टॉर्चच्या तोंडातून बाहेर पडणारा एकूण उजेड कमी. डब्यावर छापलेले ल्यूमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, खरे असले तरी ते रुंद अवस्थेतलेच असणार. टॉर्चचे दर्दी लोक झूमला नाकं मुरडतात ते यासाठी. त्यांना साधी वाटीवाली टॉर्च आवडते, कारण तिच्यात मधला झोतही मिळतो आणि भोवतीचा पसाराही, दोन्ही एकाच वेळी. त्यांचं बरोबर आहे. पण मला दोन्ही एकाच वेळी कशाला हवं असतं, हा प्रश्न उरतोच.

"मोबाईलला आहे की टॉर्च" असं म्हणणाऱ्यांना मी पाऊस दाखवते. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल, वरून पाणी, आणि त्याच मोबाईलवरून वीज कंपनीला फोनही लावायचाय.

माझी टॉर्च पर्समध्ये असते आणि ती बाहेर येते ती कुठं? दांडिया बाजारात आत्याच्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना चढताना. मीटरच्या पेटीत कुठला स्विच पडला ते बघताना. स्कूटरच्या डिकीत, कपाटामागं, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचताना. यातलं एकही काम दोन किलोमीटरवर नाही. बहुतेक कामं दोन हातांवर आहेत. दुकानात आपण लांबचं बघून पैसे मोजतो आणि घरी आल्यावर आयुष्यभर जवळचं बघतो. म्हणून टॉर्च घ्यायची असेल तर दुकानदाराला समोरच्या पाटीवर नाचू द्यावं, मग ती हातात घेऊन रुंद करावी आणि टेबलाखाली मारावी. उजेड काठापर्यंत सारखा आहे का? निळसर आहे की जरा पिवळट? निळसर उजेडात सगळं फार झगझगीत दिसतं म्हणून तो खपतो, पण त्यात हळद आणि बेसन सारखंच दिसतं.

मग बटण. स्वस्त टॉर्चमध्ये एकाच बटणावर सगळा संसार असतो: पूर्ण, मध्यम, मंद, लुकलुक, आणि वर जहाज बुडत असल्यासारखा एसओएस. रात्री तीन वाजता गोळी शोधायला मंद उजेड हवा म्हणून दाबत गेलं की मंद हुकतो आणि खोलीत लुकलुक सुरू होते. आत्याकडे असं झालं तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "काय गं, गरबा आहे का?" माझ्या मते टॉर्चची अर्धी परीक्षा हीच: दाबल्यावर आधी मंद लागते की नाही, आणि लुकलुक वाटेत आडवी येते की नाही.

सेलांच्या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे. पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च कुठंही जगते, कारण पेन्सिल सेल पानाच्या गादीवरही मिळतात. चार्जिंगवाल्या टॉर्चमध्ये बहुधा 18650 असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब म्हणून हे नाव. दमदार असतो, वाद नाही. पण चांगल्यातल्या चांगल्या 18650 ची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. फुटपाथवर 9900 छापलेला सेल दिसला तर तो हातात घेऊन वजन बघावं. बरेचदा तो संशय येण्याइतका हलका लागतो. दोन्ही चालतं म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉर्चमध्ये एक प्लास्टिकची नळी आणि तीन बारक्या सेलांचा पिंजरा येतो. सेल त्या नळीत खुळखुळतो, आणि चालता चालता टॉर्च आपोआप मिचकते.

लांबचा झोत खरंच लागतो अशी जागा बडोद्यात आहे, नाही असं नाही. ती म्हणजे विश्वामित्रीचा काठ. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या या नदीत मगरी शेकड्यांनी आहेत, आणि 2024 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा पाण्याबरोबर त्या सोसायट्यांमधून फिरून गेल्या. वीज गेलेली, पार्किंगमध्ये गढूळ पाणी, आणि नदीकाठच्या आमच्या नातेवाइकांकडे पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मंडळी झोत टाकत उभी. मगरीच्या डोळ्यात मागच्या बाजूला एक थर असतो, तो आलेला उजेड उलट पाठवतो, म्हणून अंधारात तिचे डोळे लालसर-केशरी चमकतात. गंमत अशी की ही चमक आली त्याच वाटेनं परत जाते. टॉर्च कमरेशी धरली तर काही दिसत नाही, ती कानशिलाशी, डोळ्यांच्या रेषेत धरावी लागते. भाऊजी तशी धरून उभे होते आणि बाकीचे त्यांच्या मागून "दिसली का, दिसली का" करत होते. दिसले ते दोन ठिपके हिरवट निघाले. सोसायटीचं कुत्रं, बिचारं गाडीच्या टपावर चढून बसलेलं. मगर शेजारच्या गल्लीत होती.

टॉर्च कुठं धरायची याला ती किती ल्यूमेनची आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे, हे मला गिरनारनं शिकवलं. दत्तपादुकांच्या दर्शनाला आपली माणसं रात्रीच चढायला लागतात. डोक्याला टॉर्च बांधलेल्यांना पायऱ्या सपाट दिसतात, कारण उजेड आणि नजर एकाच बाजूनं येतात, सावलीच पडत नाही. टॉर्च रुंद करून गुडघ्याजवळ धरली की प्रत्येक पायरीची कड सावलीनं उठून दिसते. हाच प्रकार घरी कानातल्याची फिरकी हरवली की करावा: दिवे बंद, टॉर्च जमिनीवर आडवी, झोत फरशीला घासून. फरशीवरचा भाताचा दाणासुद्धा केवढी सावली टाकतो! आणि गिरनारवर झोत बारीक करून वरून उतरणाऱ्यांच्या तोंडावर मारणारे जे असतात, त्यांना कितवं पाप लागतं ते दत्तमहाराजच जाणोत.

आता जपण्याविषयी. झूमच्या टॉर्चचा जीव तिच्या मानेत असतो. तोंड बाहेर ओढलं की आतली पोकळी वाढते आणि ती रबरी रिंगेच्या फटीतून हवा आत खेचते. पावसात ओढलं तर पाणी, पर्समध्ये ओढलं तर पर्समध्ये जे असेल ते. माझ्या पर्समध्ये हळदीकुंकवाच्या पुड्या असतात आणि त्यातली एक तरी फुटतेच. त्यामुळे मान करकरते आणि भिंगाला आतून गुलाबी झाक येते. म्हणून ओढायच्या झूमपेक्षा फिरवायचा झूम मला बरा वाटतो, त्याचे आटे रिंगेला जरा नीट दाबून धरतात. पाणी किती सोसेल याचा आकडा डब्यावर असतो: आयपीएक्स 4 असेल तर ती शिंतोड्यांपुरती, आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओढायच्या झूमवर सात आकडा दिसला तर मी दुकानदाराकडे जरा निरखून बघते.

करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आमच्या घरी खोबरेल हा उपाय आहे. इथं तो चालत नाही. एक तर त्याला धूळ चिकटते, आणि खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. बडोद्याच्या जानेवारीत सकाळी बाटलीत चमचा घालावा लागतो, तर टॉर्चची मान काय हलणार! मऊ टूथब्रशनं पूड झाडायची, रिंगेवर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, बस. पेन्सिल सेल वापरात नसतील तेव्हा काढून ठेवायचे, कारण अल्कलाइन सेल फुटून बाहेर येणारा पांढरा थर स्प्रिंग खातो. तो अल्कली असतो, लिंबाचा रस लावलेल्या कापसानं निघतो. चार्जिंगच्या टॉर्चचं मागचं झाकण पर्समध्ये टाकताना पाव फेरा सैल करावं. आट्यांवर रंगाचा थर असेल तर तेवढ्यानं वीज तुटते आणि टॉर्च चुकून लागून रुमाल तापवत बसत नाही.

आणि ऊन. हे कुणी सांगत नाही. भिंग ज्या जागी आल्यावर एलईडीचा उजेड लांब जातो, त्याच जागी लांबून आलेला सूर्यही एलईडीवरच येऊन गोळा होतो. मे महिन्यात झोत बारीक करून ठेवलेली टॉर्च गच्चीच्या कठड्यावर आकाशाकडे तोंड करून राहिली, तर पिवळ्या टिकलीला डाग पडू शकतो. तोंड आत ढकलून, उपडी ठेवावी. गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नये, तिथली उष्णता लिथियमच्या सेलाला सोसत नाही.

माणसांपासून जपायला मात्र काही उपाय सापडत नाही. टॉर्च हातात दिली की जो तो आधी तोंड पुढे ओढतो आणि परत देताना तशीच देतो. मग ऐन अंधारात बटण दाबावं तर रुपयाएवढा चौकोन. मी माझ्या टॉर्चच्या मानेवर रुंद अवस्थेत पांढऱ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारलाय. लांबचा झोत लागलाच तर टेप नखानं निघते.

आत्याला मी आधी साधी, झूम नसलेली दोन सेलची आणून दिली होती. तिनं ती चार दिवस उशाशी ठेवली आणि तक्रार केली, "तुझी कशी आत-बाहेर होते. ही आपली ठोंब्यासारखी." मग तिला झूमची आणली, मानेला टेप लावून, कशासाठी ते समजावून. त्याच रात्री दहाला तिचा फोन आला. टेप काढली होती. मागच्या गल्लीतल्या पटेलांच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय, तिला गॅलरीतून स्वच्छ दिसतंय, आणि त्यांचा नंबर माझ्याकडे आहे का, हे तिला विचारायचं होतं.