चार बाटल्या आणि एक डबी

आमच्या कामाची सुरुवात चार बाटल्यांनी झाली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग.

एप्रिल २०२१ मध्ये आईला कोविड झाला. ताप आठवड्यात उतरला, पण वास गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी या चार वासांचा सराव सांगितला. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची, वीसेक सेकंद हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये हेच चार वास घेऊन बारा आठवड्यांचा सराव तपासला होता आणि सराव करणाऱ्यांची वासाची जाण सुधारलेली दिसली होती.

आईचं नाक गेलं होतं, पण खचलं होतं ते मन. भात करपलेला कळत नाही म्हणून तिने स्वयंपाक सोडला. देवापुढे उदबत्ती लावायची आणि धुराकडे नुसती बघत बसायची. "घरात असून घरात नसल्यासारखं वाटतं गं," म्हणायची.

मी तेव्हा ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरून टेस्टिंगचं काम करत होते. आई सराव विसरायची, म्हणून तिच्या फोनसाठी एक साधं अ‍ॅप लिहिलं. वेळ झाली की वाजायचं, वीस सेकंद मोजायचं आणि शेवटी विचारायचं, 'काय जाणवलं?' कित्येक दिवस तिचं उत्तर एकच होतं, 'काही नाही'. मग एका सकाळी लवंगेपुढे तिने लिहिलं, 'वास नाही. पण ह्यांची आठवण आली. दाढेखाली लवंग धरायचे.' त्या संध्याकाळी ती माझ्याशी तासभर बोलली. बाबांबद्दल, त्यांच्या गिरणीबद्दल, तिच्या माहेरच्या परसाबद्दल. आमची कंपनी त्या एका नोंदीतून निघाली.

माझी शाळेपासूनची मैत्रीण ठाण्याच्या नौपाड्यात समुपदेशन करते. तिला हे दाखवलं. ती म्हणाली, "माझ्याकडे येणाऱ्यांना मी सावकाश श्वासाचा सराव देते. दोन दिवस करतात आणि सोडतात. हातात धरायला काहीतरी लागतं माणसाला." ठाण्यात हा विषय बोलणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि 'याला ठाण्याला न्या' हा टोमणा ऐकतच आम्ही मोठे झालो. पण १९९० पासून इथे आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था काम करते आहे. समुपदेशकाकडे जाणं ही लपवायची गोष्ट नाही, हे आमच्या पिढीला अशा कामामुळेच कळलं. २०२२ च्या पाडव्याला मी नोकरी सोडली. मैत्रीण भागीदार झाली. तिसरा माझा धाकटा दीर. त्याचा वागळे इस्टेटमध्ये प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा आहे.

वासाचा मनाशी एवढा जवळचा संबंध का, ते मी त्या वर्षी वाचून काढलं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यांच्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं, त्यासाठी दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. डोळ्यांचा आणि कानांचा निरोप आधी मेंदूतल्या थॅलॅमसच्या चौकीवर जातो. वासाचा निरोप ती चौकी न लागता थेट भावनांशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत पोचतो आणि आठवणींचा हिप्पोकॅम्पस तिथून शेजारीच असतो. हे वाचून मला वाटलं, आता फक्त योग्य वास शोधायचे आणि फोनच्या हुकमाने सोडायचे. या दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या.

फोनला वास सोडता येत नाही, म्हणून आम्ही यंत्र केलं. ब्लूटूथवर चालणारं, सहा कप्प्यांचं. आधी वाफारा उडवणारी अल्ट्रासॉनिक चकती लावली. तेल पाण्यात मिसळत नाही, नुसतं तेल चकतीवर चिकटतं, ती पंधरा दिवसांत बंद पडायची. मग तेलात भिजवलेल्या फेल्टच्या चकत्या आणि त्यांच्यामागे छोटा पंखा. कप्पे पारदर्शक पॉलिस्टायरीनचे होते. आठवड्याने दिराचा फोन आला, "वहिनी, लिंबू प्लॅस्टिक खातंय." जाऊन पाहिलं तर कप्पा धुरकट आणि चिकट झालेला. लिंबाच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवतं, हे ज्याने आयुष्यभर प्लॅस्टिक ओतलं त्या माणसालाही त्या दिवशी कळलं. काच आणि अ‍ॅल्युमिनियमवर आलो तसा एका यंत्राचा खर्च २,६०० रुपयांवर गेला.

आणि तरीही यंत्र नीट काम करत नव्हतं, कारण नाकच तसं असतं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत आपल्याला तो येईनासा होतो. लोक म्हणायचे, वास संपला, आणि जोर वाढवायचे. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं डोकं दुखायचं. एका घरी सासूबाईंना दमा होता, त्यांना खोकल्याची उबळ आली आणि यंत्र त्याच दिवशी परत आलं. त्या सुनेला मी घरी जाऊन भेटले. दम्याचा प्रश्न आम्ही आधी विचारायलाच हवा होता.

वाट सापडली ती एका लग्नात. माझे मामेसासरे कानात अत्तराचा फाया घालून बसले होते. वास त्यांच्यापुरता आणि जवळ बसेल त्याच्यापुरता. मांडवभर दरवळ नाही. दुसऱ्या दिवशी मी दिराला म्हटलं, यंत्र थांबवू या, फिरकीच्या झाकणाची अ‍ॅल्युमिनियमची डबी करू या, आत कापूस. अ‍ॅप सांगेल तेव्हा उघडायची, सहा सावकाश श्वास घ्यायचे, झाकण लावायचं. गच्च भरलेल्या लोकलमध्येही जमतं आणि दुसऱ्याच्या नाकाला त्रास नाही. वर्षभराची मेहनत बाजूला ठेवताना दीर एक शब्दही बोलला नाही. शनिवारी गाळ्यावर एकटा येऊन त्याने डबीचा पहिला नमुना केला.

यानंतर जे झालं त्याने अ‍ॅप मुळापासून बदललं. आम्ही डब्यांवर नावं लिहिली होती, 'शांत', 'ताजं', 'उबदार'. 'शांत'मध्ये चंदन होतं. कळव्याहून एक काका चाचणीसाठी आले होते, निवृत्त, झोप लागत नाही म्हणून मैत्रिणीने पाठवलेले. त्यांनी डबी उघडली, नाकाशी नेली आणि टेबलावर ठेवून दिली. हात थरथरत होता. पाच महिन्यांपूर्वी पत्नी गेली होती आणि घरात दिवस होईपर्यंत चंदनाची उदबत्ती अखंड चालू होती. "मुली, हा वास शांततेचा नाही," ते म्हणाले. "हा तेरा दिवसांचा वास आहे."

मैत्रीण त्यांच्याजवळ बराच वेळ बसली. त्या रात्री आम्ही सगळ्या डब्यांवरची नावं खरवडून काढली. चौकी नसलेल्या रस्त्याने वास आत जातो, पण आत गेल्यावर काय उठवील ते ज्याचं त्याचं आयुष्य ठरवतं. लॅव्हेंडरचं तर जगभर कौतुक आहे, पण आमच्याकडच्या तिघी-चौघींना त्यात ऑफिसच्या बाथरूमचा वास आला.

आता अ‍ॅप पहिले सात दिवस कोणताही वास सुचवत नाही. फक्त विचारतं. लहानपणी सुट्टीत कुठे जायचात, तिथे कसला वास यायचा? कोणता वास नकोसा होतो? तिथे येणारी उत्तरं वाचणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात सुंदर वेळ आहे (ज्यांनी परवानगी दिली त्यांचीच येतात, बाकीच्यांची त्यांच्या फोनमध्येच राहतात). आंब्याची आढी. बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी. आजीच्या पेटीतलं कापराचं लुगडं. माठात टाकलेला वाळा. दिवाळीच्या पहाटेचं उटणं. नव्या वह्या. एकाने रॉकेल लिहिलं, कारण वडील स्टोव्ह पेटवून पहाटे त्याच्यासाठी दूध तापवायचे.

प्रश्नांची भाषाही तेव्हाच बदलली. 'तुम्हाला नैराश्य जाणवतं का?' याला जवळजवळ सगळे 'नाही' म्हणत. 'मन लागत नाहीये का?' म्हटलं की थांबून विचार करत. वासाला तारे द्यायची सोय काढून टाकली, कारण मराठीत वासासाठी उग्र, मंद, कुबट, खमंग, आंबूस असे शब्द असताना तारे कशाला? आणि 'काहीच जाणवत नाही' हे उत्तर मोठ्या अक्षरांत ठेवलं. मन फार खचलेलं असतं तेव्हा अनेकांची वासाची जाणही मंदावते. त्या उत्तराला अ‍ॅप दुसरी डबी पुढे करत नाही, आधी माणसाची चौकशी करतं.

पहिल्या पावसाचा वास फार जणांनी मागितला. त्याला पेट्रिकोर हे नाव १९६४ मध्ये इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दिलं, पण कनौजमध्ये मातीचं अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून काढतात. भाजलेली माती डेग नावाच्या तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर शिजवायची आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची. आम्ही ते मागवतो. काकांना मात्र देत नाही, त्यात चंदन आहे.

धंद्याच्या बाजूने हे सगळं अवघड होतं. ज्याला आढीचा वास हवा तो गावाहून मूठभर पेंढा आणून डबीत भरतो, आमच्याकडून तेल कशाला घेईल? रिफिलवर उभा केलेला हिशेब कोसळला. आता समुपदेशक आणि डॉक्टर त्यांच्या माणसांसाठी अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरतात आणि डब्या विकल्या जातात. तिघांचे पगार निघतात, कधी उशिरा. एका वितरकाने मोठी ऑर्डर देऊ केली होती, पण त्याला डबीवर 'नैराश्यावर रामबाण' असं छापून हवं होतं. आजार बरा करण्याच्या चमत्कारी जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. तो नसता तरी आम्ही ते छापलं नसतं. वासाने क्षणभर श्वास सावरतो, आठवण हाताशी येते, बोलायला तोंड उघडतं. तेवढंच आम्ही लिहितो.

मैत्रिणीने एक नियम घातला आहे आणि त्यावर चर्चा नाही. अ‍ॅपमध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा. त्याला 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं की वासांचं पान उघडतच नाही. समोर येतो टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या माणसाला फोन लावायचं बटण. लहान मुलांच्या घरी कापूर सुचवायचा नाही आणि दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडायची नाही, हेही आता पहिल्याच पानावर आहे.

आईच्या फोनमध्ये अजून तेच पहिलं, साधं अ‍ॅप आहे. नवं घालू देत नाही. निलगिरी तिला आता स्पष्ट येते, गुलाब कधी येतो कधी नाही. परवा जांभळी नाक्यावरून तिने स्वतः निवडून लिंबं आणली. सकाळी साडेसातला फोन वाजला, तिने वीस सेकंद लिंबू नाकाशी धरलं आणि लिहिलं, 'आलं. सालीचं आलं, रसाचं नाही.'