तळ नसलेलं पान

गुरुवार, रात्र

मांडवी नदीतल्या कॅसिनोंत गोवेकरांना खेळायला २०२० पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, तो विषय वेगळा. पण आज बेतीच्या फेरीबोटीत उभी असताना बाजूला ती लखलखणारी जहाजं आणि बोटीत जवळजवळ सगळ्यांच्याच फोनमध्ये खाली घातलेल्या माना बघून वाटलं, स्लॉट मशीन तर आपण पर्समध्येच घेऊन फिरतो. त्याला ना तिकीट, ना बंदी.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळत असेल, तर दाणा खाऊन कबूतर जरा विसावतं. दाणा कधी पडेल याचा नेमच नसेल, तर मात्र टोचतच राहतं. दाणे बंद झाले तरी बराच वेळ. स्लॉट मशीनचं तेच, रील्सचंही तेच. बऱ्याचशा फालतू, मधेच एखादी खळखळून हसवणारी. ती कितवी, हे ठाऊक नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही.

त्यात तळच नाही. २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं आणि पुढे जाहीरपणे त्याची खंतही व्यक्त केली. आधी पानाखालचं ‘पुढे’ दाबावं लागायचं. तेवढ्यात माणूस भानावर यायचा.

तरी सगळं खापर कंपन्यांवर फोडता येत नाही. भाजी चिरताना मला फोन आठवत नाही. आठवतो तो तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर असताना, किंवा घर निजल्यावर. दिवसभर शाळा, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. लगेच झोपले तर दिवसातलं माझं असं काही उरतच नाही. त्यामुळे ‘मनोनिग्रह करा’ हा सल्ला ऐकला की हसू येतं.

टायमर निकामी, ‘आणखी १५ मिनिटं’ तिथंच लिहिलेलं असतं. स्क्रीन कृष्णधवल केल्याने फरक पडला. रीलमधलं हुमण (माशाची आमटी) राखाडी दिसलं की बघायची वासनाच जाते! अ‍ॅप काढून टाकलंय, ब्राउझरमध्ये दरवेळी पासवर्ड घालते. निम्म्यात कळतं, बघायचं काहीच नव्हतं. फोन रात्री स्वयंपाकघरात, उशाशी गजराचं घड्याळ. “रात्री कोणाचा फोन आला तर गो?” सासूबाईंचा प्रश्न. म्हणून रिंग चालू, बाकी नोटिफिकेशन्स बंद.

व्हॉट्सअ‍ॅप सोडलेलं नाही. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळं-पानांच्या छताचं) सामान कोण आणणार, भजनाला पेटीवर कोण बसणार, सगळं तिथंच ठरतं. ठरलं की बोलणं संपतं. (भावोजींचे सुप्रभात सोडून.)

उद्यापासून वह्या संध्याकाळी, जेवणाआधी. रात्र कामाला दिली, तर हात परत स्वयंपाकघराकडे वळणारच.