बँकॉकला निघालाय? मग एवढं वाचून जा

पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं बँकॉकला चाललीयत, परवा लिफ्टमध्ये काकूंनी विचारलं "काय गं, तिकडे सेफ आहे ना?" म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

सेफ आहे. मी आणि आई रात्री दहा वाजता बीटीएसने, म्हणजे तिकडच्या मेट्रोने फिरलो, कुणी वाकड्या नजरेने बघितलंसुद्धा नाही. पण गोड बोलणाऱ्या माणसापासून सांभाळा. आम्हाला तो ग्रँड पॅलेसच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राजवाड्याच्या भिंतीपाशीच भेटला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात कसलंसं आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेला नकाशा. "इंडिया? नमस्ते! पॅलेस आज एकपर्यंत बंद आहे, पूजा चालू आहे, तोवर हे बघून या" म्हणत पेनाने नकाशावर तीन गोल केले आणि 20 बाथमध्ये (बाथ म्हणजे तिकडचं चलन) टुकटुकपण, म्हणजे तिकडची रिक्षा, थांबवून दिली. बाबा खूश. पहिलं देऊळ खरंच छान होतं, दुसरा स्टॉप मात्र थेट रत्नांचं दुकान. एसी, थंड पाणी, आणि "सरकारी सेल आजच संपतोय, मुंबईत दुप्पट भाव मिळेल" असं सांगणारा सेल्समन. बाबांनी कार्ड बाहेर काढलं होतं हो! आई उठली आणि दारात जाऊन उभी राहिली, "मला नीलम नको, मला पॅलेस बघायचाय." तिच्यामुळे वाचलो. परत आलो तर गेट उघडंच, लोक साडेआठपासून आत जात होते.

ही फसवणूक खूप जुनी आहे, टुकटुकवाल्याला दुकानातून कमिशन नाहीतर पेट्रोलचं कूपन मिळतं म्हणून तो 20 बाथमध्ये फिरवतो. त्यामुळे रस्त्यावर कुणीही बंद आहे म्हणालं तरी तिकीट खिडकीपर्यंत स्वतः चालत जा. गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे घाला, नाहीतर आत सोडत नाहीत.

सुवर्णभूमी एअरपोर्टवर खाली टॅक्सीच्या रांगेत मशीनमधून स्लिप मिळते, ती उतरल्यावरही जपून ठेवा, टॅक्सीत काही राहिलं किंवा भांडण झालं तर तीच कामाला येते. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, वर एअरपोर्टचे 50 आणि टोल. मीटर टाकायला नाही म्हणाला तर बसू नका. रस्ता ओलांडताना आपल्यासारखंच, झेब्रावर कुणी थांबेल अशी अपेक्षा नको, आणि फुटपाथवरूनपण बाईक येतात.

थायलंडचा अरायव्हल कार्डचा फॉर्म आता ऑनलाइन भरायचा असतो, तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. मुलांच्या बॅगा तपासा, तिकडे व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर बंदी आहे, सापडलं तर दंड आणि केससुद्धा होऊ शकते. राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही बोलू नका, तिथे त्यासाठी खरोखर तुरुंग आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फिरायला जाणाऱ्यांपेक्षा नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी आहे. टेलिग्रामवर "बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, तिकीट आम्ही काढतो" अशा ऑफर येतात. अशा मुलांना एअरपोर्टवरून गाडीत घालून जवळजवळ 500 किलोमीटर लांब माए सोत या सीमेवरच्या गावाला नेतात, तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये म्यावड्डीला. पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपतात, मारहाणही होते. मार्च 2025 मध्ये आपल्या वायुसेनेच्या विमानांनी तिथून सुटलेल्या 500 हून जास्त भारतीयांना परत आणलं. ही कुणाच्या ना कुणाच्या घरातलीच पोरं आहेत. टूरिस्ट व्हिसावर नोकरी कुणी देत असेल तर जाऊ देऊ नका, भांडण झालं तरी चालेल, पासपोर्ट कपाटात लपवून ठेवा वाटलं तर.

टुरिस्ट पोलीस 1155, इंग्रजीत बोलतात. अँब्युलन्स 1669. दोन्ही नंबर मी काकूंच्या फोनमध्ये लिफ्टमध्येच सेव्ह करून दिलेत, तुम्हीपण निघायच्या आधी करा.