बोटं सुटी करणारे सर

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि शाळेविषयी लिहायला बसलो, पण समोर येतात ते आपले जीवशास्त्राचे सरच. बाकीच्या गुरुजनांनी समजून घ्यावं.

नववीत असताना सरांनी दोन खुडूक कोंबड्यांखालचं एकेक अंडं प्रयोगशाळेत आणलं. एक सहा दिवस उबवलेलं, दुसरं दहा. काचेच्या बशीत, कोमट मिठाच्या पाण्यात, सहा दिवसांच्या गर्भाचा पाय अगदी चपटा दिसत होता; बोटांच्या जागी नुसत्या फिकट रेघा. दहा दिवसांच्या पायाची बोटं मात्र सुटी. "देख भाऊ, मधलं कातडं कुठे गेलं?" एकेकाला भिंगापाशी बोलावून सर विचारत होते. मग म्हणाले, केळीची पिलं वेळेवर कापली तरच घड भरतो. इथं विळा घेऊन कुणी येत नाही, मधल्या पेशी आपल्या आपणच मरतात.

या मरणाला १९७२ साली 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळालं. पेशी फुटून आतलं सांडत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. म्हणून तिथं सूज नाही, व्रण नाही. बदकाच्या पायात 'ग्रेमलिन' नावाचं प्रथिन मरणाचा निरोप अडवतं, म्हणून त्याचा पडदा टिकतो. हे सगळं मी मेडिकलला शिकलो, पण प्रश्न सरांनी आधीच पेरला होता.

आज धुळ्यात मुलांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करतो. साधारण दोन हजार जन्मांमागे एका बाळाची बोटं जुळलेली असतात, बहुतेकदा मधलं आणि अनामिका. घरचे आईला बोल लावतात, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. मी कागदावर तो चपटा पाय काढतो आणि सांगतो, बाळाची बोटं आठव्या आठवड्यापर्यंत सुटी होतात. या बाळाच्या हातात तेवढं काम अर्धवट राहिलं, आईनं काही केलेलं नाही. सासूबाईंनाही शेजारी बसवूनच सांगतो. सरांनी एकाही पोराला मागच्या बाकावर राहू दिलं नव्हतं.

गेल्या खेपेला शाळेत आलो तर प्रयोगशाळेच्या जागी संगणकांची खोली. संगणक हवेतच, पण ते लांब ओटे गेले याचं फार वाईट वाटलं. जागा मिळाली तर सूक्ष्मदर्शक आणि भिंगं मी देईन, तसं मुख्याध्यापकांना कळवलं आहे.