पिशवी घेतलीस का?

टूरच्या छापील कार्यक्रमात एक दिवस कोरा असतो. बाकीच्या दिवसांसमोर पहाटेचा नाश्ता, बसची वेळ, राजवाडा, मशीद, गालिच्यांचं दुकान असं सगळं ठासून भरलेलं आणि या एका दिवसासमोर नुसतं 'फ्री डे'. पैसे भरताना या दिवसाचं भारी कौतुक वाटतं. प्रत्यक्ष उजाडला की माणसं हॉटेलच्या लॉबीत बसून एकमेकांना विचारतात, "मग, तुमचं काय ठरलं?" कुणाचंच काही ठरलेलं नसतं. टूरवाल्यांना हे पक्कं ठाऊक. ते त्याच दिवशी जादा पैशांची एक सहल काढतात आणि बस भरून जाते.

इस्तंबूलला ती सहल म्हणजे बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतली क्रूझ होती, जेवणासकट, डॉलरमध्ये. आमच्या घरातले पुरुष गेले. सासूबाईंनी रक्कम ऐकली, "पाण्यावरून फिरवून आणायचे एवढे?" म्हणाल्या आणि सरळ खोलीत गेल्या. त्यांच्या सोबतीला मी राहिले.

मला हिंडायचं होतं. नुसतं, काही न ठरवता. पण नुसतं हिंडणं आमच्या आईंना जमत नाही. पाय अजून ठणठणीत आहेत. गणपती पेठेतून हरभट रोडला जाऊन यायला त्या रिक्षा करत नाहीत. पण त्यांच्या काळी सांगलीत बाई घराबाहेर पडायची ती कामाला: दळण, भाजी, गणपतीचं दर्शन, नाहीतर कुणाकडे हळदीकुंकू. चौकात कुणीतरी विचारणारच, "काय वहिनी, कुठं निघालात?" आणि त्याला उत्तर लागायचं. हातात पिशवी असली की विचारणारा विचारतच नाही. पुरुषांचं बरं असतं. १९२९ साली आयर्विन पूल झाला तेव्हापासून त्याच्या कठड्याला टेकून कृष्णेचं पाणी बघत उभ्या राहिलेल्या किती बाप्यांना कुणी कामाचं विचारलं असेल?

म्हणून मी म्हटलं, "आई, मसाल्यांचा बाजार आहे म्हणे इथं. जाऊन येऊ या का?"

"मग आधी सांगायचं नाही का!" बॅगेच्या तळातून घडी घातलेली कापडी पिशवी निघाली. इस्तंबूलला! "तू घेतलीस का पिशवी?"

आमचं हॉटेल गलाताच्या बाजूला होतं, बाजार पलीकडे एमिनोन्यूत. मधे हलिचची खाडी आणि तिच्यावर गलाता पूल. हा आताचा पूल १९९४ चा, पण या जागी त्याच्याआधीही पूल होतेच. वरच्या मजल्यावरून ट्राम धावते, खाली हॉटेलं, आणि कठड्याला ओळीनं माणसं गळ टाकून उभी. शेजारच्या बादल्यांत बोटभर मासे. आई शाकाहारी, तरी प्रत्येक बादलीत डोकावत चालल्या होत्या. अर्ध्या पुलावर थांबून म्हणाल्या, "एवढ्याशा माशासाठी कोण दिवसभर उभं राहतंय गं? उभं राहायला काहीतरी निमित्त पाहिजे की माणसाला." मी काही बोलले नाही. पिशवीकडे मात्र बघितलं.

मसाल्यांचा बाजार, तिकडे म्हणतात मिसिर चार्शी, १६६० च्या दशकात बांधलेला. शेजारच्या येनी जामी मशिदीचा खर्च दुकानांच्या भाड्यातून निघावा म्हणून. हे सांगितल्यावर आईंनी मान डोलावली, "म्हणजे देवस्थानची जागा." आदल्या दिवशी गाईडनं हागिया सोफिया दाखवलं होतं, इसवी सन ५३७ ची ती वास्तू. तिथे त्यांची मान एवढ्या आपुलकीनं हललेली मला आठवत नाही.

आत हळदीचे पिवळेधमक ढीग, टोकदार करून लावलेले. आमचं घर अडतीचं. राजापुरी हळकुंडांचे सौदे आणि हरिपूरची पेवं, जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं हळद राखणारी, या गोष्टी आईंनी नवी नवरी असल्यापासून ऐकलेल्या. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांचा शेरा एवढाच होता, "आता कळलं होय सरकारला?" त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर चोळली, नाकाशी नेली. "रंग आहे. वास कुठाय?" दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण त्याला कळलं.

पुढच्या दुकानात तांबड्या-केशरी पाकळ्यांचं पोतं उघडं ठेवलेलं, वर इंग्रजीत 'टर्किश सॅफ्रन' अशी पाटी. केशर आणि पोत्यात! आईंनी दोन पाकळ्या उचलल्या आणि भर बाजारात त्यांचा आवाज चढला, "अगं, ही करडई! करडईची फुलं!" त्यांचं माहेर जत तालुक्यातलं. तिकडे शाळवात करडईचे पाटे घालायचे, लहानपणी पायाला काटे टोचून घेत त्यांतून त्या पळालेल्या. त्यांना कोण फसवणार? दुकानदार छातीवर हात ठेवून हसला, काचेच्या कपाटातून खऱ्या केशराची एवढीशी डबी काढून दाखवली आणि चहा मागवला. छोट्या, कमरेत बारीक ग्लासातला, बिनदुधाचा. आईंनी तो औषधासारखा घेतला.

तरी खरेदी तिथे झाली नाही. "समोरच्या दुकानात घ्यायचं नसतं, मागं गल्ली असतीय," हा त्यांचा नियम, आणि तो इस्तंबूललाही खरा निघाला. मागे ताहताकाले नावाचा भाग आहे, घाऊक मालाचा, हमालांचा, गावकऱ्यांचा. कोपऱ्यावर १८७१ पासून कॉफी विकणारं मेहमेत एफेंदींचं दुकान, त्याच्या वासात उभी रांग. तिथल्या एका गल्लीत आईंनी बेदाणा बघितला. दाणा दोन बोटांत दाबला, उजेडात धरला, मग तोंडात टाकला. आपला तासगावकडचा माल हिरवा, कारण तो शेडच्या सावलीत जाळ्यांवर सुकतो. यांचा उन्हात, म्हणून तांबूस. त्यांच्या द्राक्षाचं नाव सुलतानी. तीच जात अमेरिकेत थॉमसन सीडलेस झाली आणि त्या थॉमसनच्याच वेलातून आपल्या तासगावात तास-ए-गणेश निघालं. हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सोयरिकीतलाच की," आणि अर्धा किलो घेतला. सांगलीची बाई बेदाणा विकत आणते, तोही तुर्कस्तानातून! लिरा त्या वेळी अडीच रुपयांच्या आसपास होता. मी मोबाइल काढेपर्यंत आईंनी अडीचकीच्या पाढ्यानं हिशेब करून घासाघीससुद्धा उरकली होती.

एमिनोन्यूच्या धक्क्यावरून काडिकोयला फेरी जाते. शहराच्या बसचं जे कार्ड तेच इथे चालतं. युरोपातून आशियात जायला साधारण वीस मिनिटं लागतात. सीगल मागे लागतात, लोक त्यांना सिमितचे, म्हणजे तिळाच्या कड्यासारख्या पावाचे, तुकडे फेकतात. आईंनी बेदाणा टाकून बघितला. तो पाण्यात गेला आणि त्यांना वाईट वाटलं. शेजारून एक क्रूझ गाणी वाजवत गेली. "पाणी तेच ना गं?" त्यांनी विचारलं. आशियाचा किनारा जवळ आला तेव्हा पदर सारखा करत म्हणाल्या, "आता आपल्या बाजूला आलो."

काडिकोयच्या मंडईत त्यांनी टोमॅटो आणि काकड्या घेतल्या. हॉटेलात ना चूल ना सुरी, मी काही बोलले नाही. पिशवी भरली, म्हणजे बाहेर पडण्याचं काम झालं आणि परत फिरायला हवं होतं. पण त्या उलट्याच दिशेनं चालू लागल्या. मंडई संपली, दुकानं संपली, नुसत्या घरांच्या गल्ल्या लागल्या. न्हाव्याच्या दाराशी खुर्चीत मांजर झोपलेलं, ते उभं राहून बघितलं. वरच्या बाल्कनीतून एक आजी टोपली दोरीनं खाली सोडत होती. खालच्या पोरानं तीत पाव ठेवला, टोपली वर गेली. आईंनी ते सगळं होईपर्यंत पाहिलं. कुठल्याही वळणावर मला 'इकडं काय आहे' असं विचारलं नाही. पिशवी मी मागितली, पण त्यांनी दिली नाही.

संध्याकाळी लॉबीत क्रूझवाले परतले होते, उन्हानं लाल झालेले. सासऱ्यांनी विचारलं, "दिवसभर कुठं होता? काय काय बघितलंत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "बघतोय कशाला? बाजार होता, तेवढा केला. काकडी खाणार का?"